मोइरा, भाग्य आणि नशीब

मराठी माणसाच्या तोंडीं दिवसांतून निदान एकदां तरी येणारे शब्द मोजावयाचे झाले, तर ‘नशीब’ ह्या शब्दाचा क्रम बराच वर लागेल. पाऊस वेळेवर आला नाहीं, मुलीचें लग्न लांबलें, नोकरी गेली, लोकलगाडींत बसावयास जागा मिळाली, ह्या सर्वांचें कारण आपण त्या एका शब्दांत सांगून मोकळे होतों. शास्त्रीबुवा त्याच ठिकाणीं ‘दैव’ म्हणतील, कीर्तनकार ‘प्रारब्ध’ म्हणतील, लग्नपत्रिकेंत ‘सौभाग्य’ छापलें जाईल. शब्द बदलले तरी अर्थ एकच, असें आपण गृहीत धरतों. आजच्या भाषणांत ह्या शब्दांच्या कुळाचा थोडा शोध घ्यावयाचा आहे. आणि त्यासाठीं प्रथम आपल्या घरापासून पुष्कळ दूर, प्राचीन ग्रीस देशांत, जावयाचें आहे. दैव ह्या कल्पनेचा ग्रीकांनीं फार सूक्ष्म विचार केला, आणि त्यांच्या शब्दांशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे आपल्या शब्दांचा अर्थही अधिक स्वच्छ दिसूं लागतो.

ग्रीक भाषेंत दैवाला मुख्य शब्द ‘मोइरा’ असा आहे. त्याच धातूपासून निघालेला ‘मेरोस’ हा शब्द ‘भाग’, ‘तुकडा’ अशा अगदीं व्यावहारिक अर्थीं वापरीत. ‘मोइरा’चाही मूळ अर्थ तोच : वांटा. होमरच्या महाकाव्यांत हा शब्द जेथें जेथें येतो तीं स्थळें पाहिलीं म्हणजे हें सहज ध्यानांत येतें. मेजवानींत पाहुण्यापुढें मांसाचा जो भाग ठेवीत ती त्याची मोइरा. रात्रीचे तीन भाग कल्पिले तर त्यांतील प्रत्येक भाग ही एक मोइरा. लुटींतला हिस्सा हीही मोइराच. ‘ऐसा’ हा दैववाचक दुसरा ग्रीक शब्दही मुळांत ‘वांटा’ ह्याच अर्थाचा आहे. पुढें स्टोइक तत्त्वज्ञांनीं रूढ केलेला ‘हैमार्मेने’ हा भारदस्त शब्दसुद्धां ‘वांट्याला येणें’ ह्या क्रियापदाचेंच एक रूप आहे. पानांतल्या वांट्यावरून ग्रीक माणसाची कल्पना आयुष्याच्या वांट्याकडे गेली. प्रत्येकाला आयुष्याचा कांहीं एक भाग मिळतो. तो सरला कीं मनुष्य सरतो. त्या भागाची शेवटची सीमा म्हणजे मृत्यु, आणि म्हणूनच होमरच्या काव्यांत ‘मोइरा’ म्हणजे पुष्कळदां नुसता मृत्युच असतो.

हा वांटा केवळ माणसांनाच मिळतो असें नाहीं. देवही त्यांतून सुटलेले नाहींत. ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गांत एक प्रसंग आहे. देवांचा राजा झ्यूस आपला भाऊ पोसायडन ह्याला निरोप धाडतो कीं, युद्धांतून तात्काळ निघून जा. पोसायडन संतापतो. त्याचें म्हणणें असें कीं, आम्ही तिघे भाऊ एका बापाचे. सृष्टीची वांटणी झाली तेव्हां आम्हीं चिठ्ठ्या टाकल्या. मला समुद्र आला, हेडीसला पाताळाचा अंधार आला, झ्यूसला आकाश आलें. पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत मात्र तिघांच्या सामाईकींत राहिले. तेव्हां झ्यूसनें आपल्या तिसऱ्या हिश्श्यांत सुखानें राहावें, माझ्यावर हुकूम चालवूं नये. कोकणांतील एखाद्या घरांत थोरल्या भावानें धाकट्याच्या वांट्यांत पाय टाकला असतां जें भांडण उभें राहील, तेंच हें भांडण आहे. पोसायडन शेवटीं माघार घेतो हें खरें. परंतु त्यानें वापरलेली भाषा दैवाची नसून वांटणीपत्राची आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढच्याच सर्गांत ह्याहून करुण प्रसंग येतो. झ्यूसचा मानवी पुत्र सार्पेडन रणांत मरणार असतो, आणि बापाच्या मनांत येतें कीं, ह्याला उचलून सुखरूप घरीं नेऊन ठेवावें. त्याला तसें करतां येणार नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं. त्याची राणी हेरा एवढेंच बजावते कीं, तूं तसें करशील तर इतर देवही आपापल्या मुलांना वांचवूं पाहतील, आणि तुझें कृत्य कोणालाही मानवणार नाहीं. झ्यूस आवरतो, मुलासाठीं रक्ताचे थेंब पृथ्वीवर पाडतो आणि त्याला मरूं देतो. येथें दैव हें लोखंडी भिंतीप्रमाणें आड आलेलें नाहीं. आड आली आहे ती पंक्तीची मर्यादा : एकाच्या पानांत जास्त वाढलें तर सगळ्या पंक्तीची वाढणी मोडते. ग्रीकांच्या दैवकल्पनेच्या मुळाशीं न्यायाची कल्पना होती, ती अशी.

ह्या वांट्याचीच पुढें मूर्ति झाली आणि एका मोइरेच्या तीन मोइरा झाल्या. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास होऊन गेलेला कवि हेसिअड त्यांचीं नांवें देतो : क्लोथो, म्हणजे सूत कातणारी, लाखेसिस, म्हणजे चिठ्ठीनें वांटा काढून देणारी, आणि आत्रोपोस, म्हणजे मागें न वळविली जाणारी. गंमत अशी कीं, एकाच काव्यांत हेसिअडनें त्यांचीं दोन कुळें सांगितलीं आहेत. एके ठिकाणीं त्या रात्रीच्या मुली आहेत. दुसऱ्या ठिकाणीं त्या झ्यूस आणि थेमिस, म्हणजे धर्मव्यवस्थेची देवता, ह्यांच्या मुली आहेत. दैव अंधारांतून येतें कीं व्यवस्थेंतून, हा प्रश्न कवीनें सोडविला नाहीं; दोन्ही उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवलीं. भाषेचा कल मात्र दुसऱ्या उत्तराकडे दिसतो. ‘वांटून देणें’ ह्या अर्थाच्या ‘नेमेइन’ ह्या ग्रीक क्रियापदापासून ‘नेमेसिस’ हा शब्द झाला, म्हणजे आपल्या वांट्याबाहेर हात घालणाराला शासन करणारी देवता; आणि त्याच क्रियापदापासून ‘नोमोस’ हा शब्द झाला, म्हणजे कायदा.

आतां आपल्या घरीं येऊं. ‘भाग्य’ हा शब्द संस्कृत आहे, आणि त्याच्या पोटांत ‘भाग’ हा शब्द उघडच बसलेला आहे. भज् म्हणजे वांटणें, ह्या धातूपासून भाग, भाग्य, विभक्त हे शब्द निघाले. ज्याला भाग मिळाला नाहीं तो अभागी. ज्याला चांगला मिळाला तो सुभग. आपल्या रोजच्या ताटांतला ‘भात’ हाही ‘भक्त’ ह्या संस्कृत शब्दापासून आलेला आहे, आणि ‘भक्त’ म्हणजे मुळांत ‘वांटून दिलेलें’. तेव्हां भात आणि भाग्य हीं एकाच घरचीं भावंडें ठरतात. ऋग्वेदांत जे आदित्य सांगितले आहेत त्यांत एकाचें नांव भग आणि दुसऱ्याचें अंश असें आहे. दोन्ही नांवांचा अर्थ वांटा. भग हा संपत्ति वांटून देणारा देव. प्राचीन इराणी शिलालेखांत देवाला सामान्य शब्दच ‘बग’ असा आहे. जो वांटतो तो देव, अशी ही फार जुनी समजूत असली पाहिजे.

‘नशीब’ हा शब्द मात्र संस्कृत नव्हे. तो अरबी आहे. फारसीच्या वाटेनें तो बहामनी आणि त्यापुढच्या शाह्यांच्या काळांत दक्षिणेंत रुळला. आणि अरबींत ‘नसीब’ म्हणजे काय? पुनः वांटाच. कुराणांत जेथें वारसा हक्काची चर्चा आहे, तेथें वारसाला मिळावयाचा हिस्सा ह्या अर्थीं हाच शब्द आलेला आहे. ‘किस्मत’ हा त्याचा सोबती. तोही ‘विभागणें’ ह्या अर्थाच्या धातूपासून निघालेला, आणि आपल्या जुन्या दप्तरांतील ‘तकसीम’ म्हणजे वांटणी, हा त्याचाच भाऊबंद. ग्रीक आणि संस्कृत ह्या एका भाषाकुळांतल्या भाषा. अरबीचें कुळ अगदींच वेगळें. तरीही तिघींनीं दैवाला एकच नांव दिलें. एकीनें दुसरीपासून तें उसनें घेतलें असें दाखवितां येत नाहीं. जेथें जेथें माणसें शिकार, पीक, लूट आणि वडिलोपार्जित जमीन वांटून घेत होतीं, तेथें तेथें त्यांना आयुष्यही कोणीतरी वांटून दिल्यासारखें वाटलें, असेंच म्हणावें लागतें.

महाराष्ट्रांत हा परका शब्द इतका खोल कां रुजला, ह्याचेंही उत्तर येथेंच सांपडण्यासारखें आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला, आणि दरबारांतील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. परंतु घरांतल्या चुलीपर्यंत पोंचलेले फारसी शब्द कोशानें हलले नाहींत, आणि ‘नशीब’ त्यांपैकीं एक होता. मराठ्यांचा सारा राज्यकारभारच हिश्श्यांवर चालला होता. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे दहावा. बाळाजी विश्वनाथ पेशव्यानें १७१९ सालीं दिल्लीहून सनदा आणल्यानंतर त्या चौथाईचेही पुनः वांटे पडले : राजाची बाबती शेंकडा २५, पंतसचिवाचा साहोत्रा शेंकडा ६, नाडगौडा शेंकडा ३, आणि उरलेला मोकासा सरदारांचा. खालीं गांवांत शेतकरी अर्धेलीनें शेत करी, आणि खळ्यावर रास पडली कीं बलुतेदार आपापला वांटा घ्यावयास येऊन उभे राहत. अशा समाजाला ‘नशीब’ ह्या शब्दाचा अर्थ शिकवावा लागला नाहीं. ‘माझ्या वांट्याला हें आलें’ असें आपण आजही सुखदुःखांत म्हणतों, तें ‘मोइरा’ ह्या शब्दाचें इतकें तंतोतंत मराठी आहे कीं, भाषांतरकाराला त्याहून चांगलें सुचणार नाहीं.

परंतु, श्रोतेहो, दैवाचें दुसरें एक चित्र आहे, आणि तें ह्या पहिल्या चित्राहून फार निराळें आहे. रोमन लोकांचा ‘फातुम’ हा शब्द ‘बोलणें’ ह्या क्रियापदापासून झाला. दैव म्हणजे जें उच्चारलें गेलें तें. आपल्याकडे तें बोललें जात नाहीं, लिहिलें जातें : विधिलिखित, ललाटलेख, कपाळीं लिहिलेलें. मूल जन्मल्यापासून सहाव्या रात्रीं सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचें भविष्य लिहून जाते, ही समजूत महाराष्ट्रांत घरोघर होती. ‘षष्ठी’ ह्या संस्कृत शब्दाचीच सटवी झाली आणि आदरानें सटवाई झाली. त्या रात्रीं पाटा मांडून पूजा करावयाची, जवळ कोरा कागद, दौत आणि लेखणी ठेवावयाची, दिवा विझूं द्यावयाचा नाहीं, आणि घरांतल्या बायकांनीं जागावयाचें, ही रीति अनेकांनीं पाहिलेली असेल. ज्या घरांत एकालाही अक्षर येत नसे त्या घरींही त्या रात्रीं दौत-लेखणी मागून आणीत.

ग्रीकांचीही अशीच एक कथा आहे. मेलेआगर हा राजपुत्र सात दिवसांचा झाला तेव्हां तिन्ही मोइरा त्याच्या घरीं आल्या आणि म्हणाल्या कीं, चुलींतलें हें जळतें लांकूड संपेल त्या क्षणीं हा मुलगा मरेल. त्याची आई आल्थेया हिनें तें लांकूड झटकन् बाहेर ओढलें, विझविलें आणि पेटींत घालून ठेवलें. मेलेआगर मोठा होऊन शूर शिकारी झाला. पुढें एका भांडणांत त्याच्या हातून त्याचे मामे मारले गेले. तेव्हां त्याच आईनें भावांच्या दुःखानें तें लांकूड पेटींतून काढून अग्नींत टाकलें. ह्या मोइरा ग्रीसमधून ख्रिस्ती धर्म आल्यावरही गेल्या नाहींत. तेथील खेड्यांतून अगदीं अर्वाचीन काळापर्यंत बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या रात्रीं त्यांच्यासाठीं मध आणि गोड पदार्थ मांडून ठेवीत, आणि त्या येऊन बाळाचें भविष्य लिहून जातात असें मानीत.

तिसरी रात्र, सहावी रात्र, सातवा दिवस : पहिल्याच आठवड्याची ही भीति इतक्या दूरच्या दोन देशांत कां असावी? वैद्यकशास्त्र ह्याचें एक संभाव्य उत्तर देतें. पूर्वीं विळ्यानें किंवा अस्वच्छ पात्यानें नाळ कापीत आणि नाळेला राख किंवा शेण लावीत. त्यामुळें नवजात बालकाला धनुर्वात होई. ह्या रोगाचें लक्षण असें कीं, पहिले दोन दिवस मूल नीट दूध पितें. मग तिसऱ्या दिवसानंतर, बहुधा पहिला आठवडा संपण्याच्या सुमारास, त्याचा जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखें ताठतें आणि मूल दगावतें. जंतु डोळ्यांना दिसत नव्हते. दिसत होती ती फक्त सहावी रात्र. सटवाईच्या पूजेंत इतरही कित्येक भाव असतील. परंतु त्या जागरणामागच्या भीतीला ह्या रोगाचा मोठा आधार असावा, असें मानण्यास जागा आहे. पुढें गरोदर स्त्रियांना लस टोंचण्यास आरंभ झाला, स्वच्छ पातें आलें, बाळंतपणें दवाखान्यांत होऊं लागलीं. आणि २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य केलें. निर्मूलनाचा निकष असा कीं, प्रत्येक जिल्ह्यांत हजार जिवंत जन्मांमागें एकाहून कमी बालकास हा रोग व्हावा. पिढ्यान्‌पिढ्या जें कपाळीं लिहिलेलें म्हणून सोसलें, तें एका स्वच्छ पात्यानें आणि सुईनें पुसतां आलें.

प्राचीन ग्रीसमध्यें ह्या प्रश्नावर एक वाद गाजला होता, त्याला ते ‘आळशी युक्तिवाद’ म्हणत. तो असा : बरें होणें माझ्या दैवीं असेल तर वैद्य आणला न आणला तरी मी बरा होईन, नसेल तर वैद्य आणूनही मरेन, मग वैद्य कशाला? स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ कडवे दैववादी होते, तरी त्यांच्यांतल्याच ख्रिसिप्पसनें ह्याला उत्तर दिलें कीं, बरें होणें दैवांत असेल तर वैद्य बोलावणें हेंही त्याच्याच जोडीला दैवांत असतें. एकावांचून दुसरें घडत नाहीं. त्या पंथाचा मूळ पुरुष झेनो ह्याच्याविषयींही एक आख्यायिका सांगतात. त्याचा एक गुलाम चोरी करतांना सांपडला आणि म्हणाला, चोरी करणें माझ्या दैवींच होतें. झेनो म्हणाला, होय, आणि मार खाणेंही. आपल्याकडे ‘दैव देतें आणि कर्म नेतें’ ही म्हण हाच समतोल दुसऱ्या बाजूनें साधते. लोकमान्य टिळकांनाही ‘गीतारहस्या’ंत कर्मविपाकाच्या जोडीला आत्मस्वातंत्र्याचा विचार एका स्वतंत्र प्रकरणांत करावा लागला, तो ह्याच कारणानें.

ह्या दोन चित्रांतला भेद नुसता काव्याचा नाहीं. लेख म्हटला कीं वाचणाऱ्याला कांहीं करावयाचें उरत नाहीं. तो आपल्याच कपाळावर असल्यामुळें आपल्याला वाचतांही येत नाहीं. वांटा म्हटला कीं मात्र तीन प्रश्न ताबडतोब उभे राहतात : वांटणी कोणीं केली, कोणत्या मापानें केली, आणि ती समान झाली कीं नाहीं? हे प्रश्न प्राचीनांनाही सुचले होते. वैदिक ब्राह्मणग्रंथांत म्हटलें आहे कीं, वांटणारा भग हा आंधळा आहे. ग्रीकांचा धनदेव प्लूटोस हाही आंधळा. अथेन्सचा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनीस ह्यानें ख्रिस्तपूर्व ३८८ मध्यें ह्याच देवावर नाटक लिहिलें; त्यांत एक गरीब शेतकरी त्या आंधळ्या देवाला वैद्यकदेवतेच्या मंदिरांत नेऊन त्याचे डोळे बरे करवितो, आणि मग संपत्ति सज्जनांच्या घरीं जाऊं लागते. प्रेक्षक हंसले असतील. पण दैवाला डोळस करावें ही इच्छा हंसण्यापुरती नव्हती.

त्यापूर्वीं दोनशें वर्षें अथेन्सनें ती प्रत्यक्ष अनुभवली होती. त्या राज्यांत शेतकऱ्यांचा एक वर्ग होता, त्याला ‘हेक्टेमोरोइ’ म्हणत. शब्दाच्या उत्तरार्धांत ‘मोइरा’चाच भाऊ बसलेला आहे, अर्थ, सहाव्या हिश्श्याशीं बांधलेले लोक. त्यांच्या शेतांत कर्जाची खूण म्हणून दगड रोंवलेले असत, आणि कर्ज न फिटल्यास मनुष्य स्वतः गुलाम म्हणून विकला जाई. इ. स. पूर्व ५९४ मध्यें सोलोनच्या हातीं सत्ता आली. त्यानें ते दगड उपटून काढले, कर्जापायीं माणूस गहाण ठेवण्यास मनाई केली, आणि परदेशीं विकल्या गेलेल्यांपैकीं कित्येकांना सोडवून आणलें. ज्याला बाप-आजे आपली मोइरा म्हणत आले, तो एका कायद्यानें बदलतां येण्यासारखा हिस्सा होता, हें त्या वर्षीं उघड झालें.

महाराष्ट्रांतही तसेंच एक वर्ष आहे. बलुत्याच्या पद्धतींत कोणाला किती वांटा आणि त्यासाठीं कोणती चाकरी, हें जन्मानें ठरे. गांवच्या महारानें सीमेची साक्ष द्यावी, सरकारी निरोप पोंचवावे, वसुलाबरोबर चालावें, रात्रीं-अपरात्रीं बोलावणें येईल तेव्हां जावें. आणि त्याबद्दल थोडी वतनी जमीन आणि गांवानें राजीखुषीनें घातलेलें बलुतें घ्यावें. ह्याला नशीब म्हणण्याची संवय दोन्ही बाजूंना झाली होती. १८७४ च्या वतन कायद्यानें ह्या चाकरीला सरकारी शिक्काही मिळाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीं मार्च १९२८ मध्यें मुंबईच्या कायदेमंडळांत त्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. ज्याला वतन सोडावयाचें असेल त्याला तें सोडतां यावें, बलुत्याऐवजीं रोख मोबदला ठरावा आणि चाकरीच्या कामांना मर्यादा असावी, असा त्याचा रोख होता. तें विधेयक त्या वेळीं मंजूर झालें नाहीं. कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. परंतु विधेयक मांडलें गेलें त्याच दिवशीं एक गोष्ट घडून गेली होती : पिढीजाद नशिबाचें कलमवार वाचन कायदेमंडळाच्या टेबलावर झालें होतें.

शहरांची गोष्ट निराळी आहे असें वाटेल, कारण शहरांत बलुतें नाहीं. परंतु शहरही वांटलेलेंच असतें. ग्रीक लोक नवी वसाहत उभारतांना जमिनीचे भाग पाडून चिठ्ठ्या टाकीत. चिठ्ठीलाही ‘क्लेरोस’ म्हणत आणि तिनें मिळालेल्या जमिनीलाही ‘क्लेरोस’च म्हणत. मुंबईंत म्हाडाच्या घरांची सोडत निघते तेव्हां लाखो माणसें लाखेसिसच्याच दारांत उभीं असतात. आणि चिठ्ठी निघण्यापूर्वींच जी वांटणी झालेली असते ती पाहावयाची असेल तर हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकावर उतरावें. मुंबईचा कचरा टाकण्यासाठीं देवनारची खाडीलगतची जागा १९२७ पासून वापरांत आली. १९७१ मध्यें शहराचा मोठा कत्तलखाना देवनारला आला. १९७६ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी हटवून तेथल्या लोकांना चीता कॅम्पची जागा देण्यांत आली. शहरांतील इतर ठिकाणाहून उठविलेल्या कित्येक वस्त्याही ह्याच परिसरांत आणून बसविण्यांत आल्या. जानेवारी २०१६ मध्यें कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हां धुराचा लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आणि परिसरांतल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. महानगरपालिकेसाठीं तयार झालेल्या २००९ सालच्या मानव विकास अहवालांत शहराच्या २४ विभागांपैकीं गोवंडी, देवनार आणि मानखुर्द ज्यांत येतात तो एम-पूर्व विभाग सर्वांत खालच्या क्रमांकावर होता.

ह्या विभागांत जन्मलेल्या मुलाच्या कपाळावर सटवाईनें वेगळी शाई वापरली, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ‘त्यांचें नशीब’ असें आपण सहज म्हणतों, आणि तें म्हणतांना लेखाच्या अर्थानें म्हणतों, वांट्याच्या अर्थानें नव्हे. शब्दाचा मूळ अर्थ धरला तर तेंच वाक्य अगदीं खरें ठरतें : एका मोठ्या शहरानें आपली घाण, आपला धूर आणि आपलीं नकोशीं माणसें वांटून टाकलीं, आणि एवढा वांटा ह्या भागाला आला. त्या वांटणीच्या तारखा आहेत, ठराव आहेत, नकाशे आहेत. रात्रीच्या मुलींना तारखा नसतात.

दैव म्हणून जगांत कांहीं नाहींच, असें ह्यावरून सिद्ध होत नाहीं. तिघींपैकीं आत्रोपोस खरोखरच मागें वळत नाहीं. कोणत्याही कायदेमंडळाला मृत्यु रद्द करतां आलेला नाहीं, आणि कोणाच्या पोटीं जन्मावें हें कोणालाही ठरवितां आलेलें नाहीं. तेवढ्यापुरता ‘विधिलिखित’ हा शब्द आपल्याला लागणारच, आणि दुःखाच्या वेळीं त्याचा आधारही होणारच. पण लाखेसिसचें काम माणसें फार मोठ्या प्रमाणांत स्वतःच करीत आलीं आहेत, आणि करून झाल्यावर तें तिच्या नांवावर मांडीत आलीं आहेत. ‘नशीब’ हा शब्द टाकून देण्याचें कारण नाहीं. तो चांगला, जुना आणि प्रामाणिक शब्द आहे. तो उच्चारतांना त्याचा अर्थ वांटा असा आहे एवढें स्मरण ठेविलें, तर वांटणी कोणीं केली हा प्रश्न आपोआप जिभेवर येईल; आणि ज्या ठिकाणीं त्याचें उत्तर एखाद्या माणसाच्या सहीपाशीं जाऊन थांबेल, तेथें ती वांटणी पुनः मांडून पाहण्यास हरकत नसावी.